न साठवलेलं गाव

स्पर्धेच्या यादीत खारशेतच्या खेळाडूंमध्ये कृतिकाचं नाव नव्हतं. तिने वरून खाली पाहिलं, मग खालून वर पाहिलं, मग उगाचच पान पुन्हा लोड केलं. ठाण्याच्या नौपाड्यातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात जेवणानंतरची गुंगी पसरलेली होती. एसीची गार हवा नेमकी तिच्याच मानेवर येत होती आणि समोर सलिल हेडफोन लावून कुणाच्या तरी कोडवर मान हलवत बसला होता. फिल्टर चुकला असणार, हा तिचा पहिला विचार. फिल्टर बरोबर होता. मग हर्षित नाव भरायला विसरला असणार, धाकटा भाऊ आहे, एक काम धड करेल तर शपथ. पण नाव भरलेलं होतं. तिने स्वतःचं पान उघडलं तेव्हा ते व्यवस्थित समोर आलं: कृतिका, गोलंदाज, उजवा हात, गाव खारशेत. आता बोला. एकटीला विचारलं तर बाई सांगते मी खारशेतची, आणि खारशेतला विचारलं तर खारशेत म्हणतं अशी कुणी आमच्यात नाही. तिने आंबेपाडा, म्हणजे सासरचं गाव, निवडून बघितलं. तिथेही ती नव्हती. ही नुसती कोडमधली चूक नव्हती हे तिला तेव्हाच कळलं, पण कळलेलं सगळंच काही माणूस लगेच मानत नाही.

चूक शोधण्यात तिचा हात कुणी धरत नसे. ऑफिसात नवीन आलेली पोरं चूक सापडली नाही की संध्याकाळपर्यंत तोंड पाडून बसत आणि मग तिच्याकडे येत, आणि ती चहाचा कप हातात घेऊन उभ्या उभ्या सांगायची, इथे बघ. तिचा गर्व म्हणा, होता. आणि का नसावा, मिठागरावरच्या धाकूची पोरगी, खारशेतच्या पोरींमध्ये पहिली इंजिनीयर, पायथन ही कोडची भाषा तिला मातृभाषेसारखी येत होती. तिचं एक ठाम मत होतं आणि ते ती नव्या पोरांच्या कानीकपाळी ओरडायची: जे काढता येतं ते साठवायचं नाही. जन्मतारीख साठवा, वय साठवू नका. वय साठवलंत की उद्या ते खोटं पडणार. डेटाबेसच्या कॉलममध्ये ठेवायचं ते फक्त मुळातलं. बाकीचं त्या त्या वेळी दोन-तीन कॉलम एकत्र बघून काढायचं. त्यासाठी पायथनमध्ये प्रॉपर्टी लिहायची सोय असते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं कॉलमच आहे. आत काही ठेवलेलं नसतं, विचारलं की ती त्या क्षणी हिशोब करते आणि उत्तर देते. कृतिकाला हे फार आवडायचं. न साठवता असणं. विचारलं तर आहे, नाही विचारलं तर कुणाला जागा अडवत नाही.

तर या स्पर्धेच्या नोंदणीसाठी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्येही तिने 'गाव' नावाचा कॉलम ठेवला नव्हता. स्पर्धा खारशेतने भरवली होती, महिलांची पहिलीच, टेनिस चेंडूची, आणि नियम तोच जो पुरुषांच्या स्पर्धांना सगळीकडे असतो: एक गाव, एक संघ. बाहेरचा खेळाडू आणायचा नाही. आता हे म्हणायला सोपं. पुरुषांच्या स्पर्धेत ज्याला त्याला आपलं गाव कुठलं ते लिहू दिलं, तर कल्याणपलीकडचा फलंदाज रातोरात खारशेतचा होतो आणि मग मैदानात बॅटीपेक्षा आवाज जास्त चालतात. म्हणून कृतिकाने हर्षितला सांगितलं होतं, गाव कुणाला विचारायचंच नाही, आपण काढायचं. जन्मगाव, सासरचं गाव आणि लग्न झालंय की नाही, हे तीन कॉलम पुरे. पंचक्रोशीच्या कमिटीने बैठक घेऊन ठरवून दिलं: लग्न झालेली सासरकडून खेळेल, न झालेली माहेरकडून. बैठकीत सगळे पुरुषच होते आणि सगळ्यांना ते इतकं उघड वाटलं की चहा यायच्या आत ठराव झाला. हर्षितने फोनवर सांगितलं तेव्हा कृतिकालाही काही खटकलं नाही. तिने म्हटलं, हो रे, दोन ओळींचं काम आहे.

दोन ओळींचंच होतं. फक्त त्या दोनदा लिहाव्या लागतात, आणि घोळ तिथेच असतो. एकटी बाई समोर आहे, तिचं गाव सांगायचंय, तर पायथन तिचे कॉलम बघतं आणि सांगतं. पण शेकडो बायांमधून खारशेतच्या तेवढ्या काढायच्या असतील तर पायथन एकेकीला विचारत बसत नाही. ते काम डेटाबेसचं, आणि डेटाबेसला त्याच्या भाषेत, एसक्यूएलमध्ये, तोच नियम पुन्हा समजावून द्यावा लागतो. एकाच प्रॉपर्टीला अशी दोन अंगं. एक एकटीसाठी, एक सगळ्यांसाठी. दोन्ही उत्तरं जुळतील याची हमी कुणी देत नाही, ती लिहिणाऱ्याने घ्यायची. कृतिकाने फाइल उघडली आणि एका नजरेत तिला चूक दिसली. चूक अशी, की दोन्ही ओळी आपापल्या जागी बरोबर होत्या. एसक्यूएलची ओळ तिने ऑफिसात लिहिली होती, हर्षितचा मेसेज शेजारी उघडा ठेवून, कमिटीच्या शब्दाला शब्द लावून: लग्न झालं असेल तर सासर, नसेल तर जन्मगाव. आणि पायथनची ओळ रविवारी लिहिलेली होती, खारशेतच्या मैदानावर सराव करून, हाताला तांबडी माती तशीच असताना. तिथे लग्नाचा उल्लेखच नव्हता. सासर असेल तर सासर, नसेल तर जन्मगाव. बहुतेक बायांना दोन्ही ओळी सारखंच उत्तर देत. कृतिकाच्या नोंदीत मात्र 'लग्न झालं' हे हो होतं आणि सासरचा रकाना रिकामा होता. डेटाबेसमधली रिकामी जागा मोठी विचित्र असते. ती कशाच्याही बरोबर होत नाही, दुसऱ्या रिकाम्या जागेच्यासुद्धा नाही. गाव खारशेत आहे का, तर उत्तर नाही. आंबेपाडा आहे का, नाही. मग कुठलंच नाही का, तर तेही ती धड सांगत नाही, गप्प राहते आणि बाई गळून पडते.

तिने खुर्ची मागे घेतली. खिडकीतून समोरच्या दवाखान्याच्या पाट्या आणि खाली रिक्षांची रांग दिसत होती, एक आजी हातात पिशवी धरून रिक्षावाल्याशी वाद घालत होती. कृतिकाला खेळायचं होतं. एवढं साधं होतं ते. दोन महिने ती दर रविवारी ठाण्याहून खारशेतला जात होती, गावातल्या सुनांना आणि पोरींना रनअप शिकवत होती, पदर खोचून धावणाऱ्या बायांना सांगत होती की टाच आधी टेकवा, आणि त्या हसून हसून बेजार व्हायच्या. तिला खाडीच्या बाजूने धावत यायचं होतं, पाठीवर गावाचं नाव असलेला टी-शर्ट घालून. लहानपणी ते मिळालं नव्हतं. तेव्हा मिठागरं बंद पडलेली, बांधांमधल्या त्या मोठाल्या चौकोनांत पाणी घेणं थांबलेलं, आणि त्यांचा तळ सुकून असा टणक झालेला की टाच आपटली तर आवाज यायचा. तिथे पोरं खेळायची आणि पोरांत एकटी ती. त्या तळावर चेंडू उसळतच नसे. मधे टप्पा टाकला की फलंदाजाला खिरापत. धाकू बांधावर बसून बघायचा, आयुष्यभर मीठ ओढून त्याच्या पायांना भेगा पडलेल्या, आणि एक दिवस उठून त्याने पोरीच्या हातातून चेंडू घेतला आणि फलंदाजाच्या पायांपुढे चप्पल ठेवली. हिला मार, म्हणाला. दुसरं काही शिकवलं नाही त्याने, ना खेळातलं ना बाहेरचं. तिने ती चप्पल फाटेपर्यंत मारली. बाप जाऊन आता बरीच वर्षं झाली, तळावर इमारती आल्या, पण चेंडू हातात घेतला की तिचा हात अजून चपलेचीच जागा शोधतो.

लग्न झालं तेव्हा आंबेपाड्यात कुणाला माहीत नव्हतं की सून चेंडू टाकते. साईनाथ वाईट माणूस नव्हता. हे ती स्वतःला इतक्या वेळा सांगत आली होती की त्या वाक्यातला जीवच गेला होता. तो मारायचा नाही, प्यायचा नाही, बोलायचाही नाही. संध्याकाळी घरी आला की मोबाइल, जेवण, मोबाइल, झोप. ती काही सांगायला लागली की तो ऐकून घ्यायचा आणि ऐकून झालं की खोलीतून बाहेर जायचा. त्या घरात तिच्याशी जर कुणी बोललं असेल तर ती नणंद, ऐश्वर्या, तेव्हा शाळेत होती. अंगणात वहिनीने एकदा सहज लिंबू उचलून तुळशीच्या कट्ट्यावर ठेवलेल्या वाटीवर मारलं आणि वाटी उडाली. ऐश्वर्याने दुसऱ्या दिवशी कपडे धुवायचं धोपटणं आणून हातात धरलं आणि म्हणाली, टाक. रोज दुपारी, सासू झोपली की. पोरगी डावखुरी, हात सुरेख, अंगावर आलेला चेंडू कंबरेत वळून असा मारायची की समोरच्या कौलांवर. तिला वाढताना बघणं हे त्या घरातलं एकच खरं सुख होतं, आणि एखाद्या घरात नणंदेपुरतंच राहता येत नाही हे कळायला कृतिकाला फार वर्षं लागली. मग ती नौपाड्यात खोली घेऊन राहायला आली. खारशेतमध्ये सांगितलं गेलं, ऑफिस जवळ पडतं. आंबेपाड्यातही तेच सांगितलं गेलं, आणि गंमत बघा, दोन्ही गावांनी एकमेकांना न विचारता तेच उत्तर काढलं. मागच्या वर्षी कोर्टाने कागद दिला. तो तिने कुणाला दाखवला नाही. मंगळसूत्र ड्रॉवरमध्ये होतं, चार्जरच्या वायरींमध्ये, आणि दर रविवारी खारशेतला जाताना ती ते काढून घालायची. सराव करताना ते गळ्यावर आपटायचं, म्हणून टी-शर्टच्या आत टाकायची. बायांना वाटायचं, बघा, खेळतानासुद्धा काढत नाही.

तिने हर्षितला फोन लावला. मागे जनरेटरचा आवाज होता, मंडपवाले आले होते बहुधा.

"माझा फॉर्म तू भरलास?"

"मीच भरला. का ग ताय?"

"सासरच्या ठिकाणी काही लिहिलं नाहीस."

तो जनरेटरपासून लांब गेला. मग म्हणाला, "काय लिवू समजला नाय. म्हनून ठेवला तसाच."

"आणि लग्न झालंय, हे लिहिलंस."

"झालाय ना पन." हर्षितचा आवाज एकदम लहान झाला. "तू काय बोललीस नाय कधी. मी काय आपल्या मनाने लिवू काय? आंबेपाडा लिवला असता तर तू त्यांच्याकडशी खेलली असतीस. नाय लिवला तर कमिटीचा पंढरीकाका विचारेल. मना वाटला, सॉफ्टवेअर तुजा हाय, तूच कायतरी करशील. संध्याकाली देवलापुढं संघ वाचायचाय, ताय. सगली गावा येनार हायेत."

कृतिकाला राग यायला हवा होता. तिला हर्षितचं कौतुक वाटलं, आणि मग लगेच लाज वाटली, की या पोराने तिच्यासाठी एक जागा रिकामी ठेवली आणि इतकी वर्षं ती भरायचं काम टाळत आलेली ती, चूक शोधायला निघाली होती भावाची. बघते, म्हणून तिने फोन ठेवला. ठेवला तोच तो पुन्हा वाजला. ऐश्वर्या.

"वहिनी, एक विचारू का, रागवू नकोस," ऐश्वर्या म्हणाली. तिचं बोलणं आता शहरी झालं होतं, डोंबिवलीत बँकेत नोकरी लागली होती तिला. "आमच्यात बॉलरच नाहीये ग. म्हणजे आहेत दोघीतिघी, पण हातात चेंडू घेतात आणि देवाचं नाव घेतात. तू आमच्याकडून ये ना. नियमात बसतं. लग्न झालेली सासरकडून."

"ऐशू, नियमात बसत नाही. तुला माहितेय."

"लोकांना कुठे माहितेय? दादा काही बोलणार नाही, तो कधी बोललाय. आईपण म्हणाली, येत असेल तर येऊ दे. तिला तुझी आठवण येते, ती सांगणार नाही, पण येते. चार दिवस यायचं, खेळायचं, आपल्याच घरी जेवायचं. कुणी काही विचारलं तर ऑफिस जवळ पडतं, एवढंच. मी सगळं सांभाळते."

त्यात काही कावा नव्हता, हीच पंचाईत होती. पोरीने ते मनापासून सांगितलं होतं, आणि कृतिकाला त्या घरातलं स्वयंपाकघर आठवलं, खिडकीतलं ऊन, सुकटाचा वास, सासूने न बोलता पुढे सरकवलेली भाकरी. एका रिकाम्या रकान्यात एक शब्द लिहिला की सगळं जुळणार होतं. पायथन म्हणेल आंबेपाडा, एसक्यूएल म्हणेल आंबेपाडा, कमिटीचा नियम पाळला जाईल, तिच्या आईला खारशेतमध्ये कुणी काही विचारणार नाही आणि कृतिकाला चेंडू मिळेल. सगळे खूश. फक्त तिने दर चेंडूला धावत यायचं होतं ते एका अशा घराच्या नावाने, ज्याचा दरवाजा तिने स्वतःच्या हाताने लावून घेतला होता. "कळवते तुला," ती म्हणाली, आणि आपला आवाज स्थिर होता याचं तिला बरं वाटलं.

सलिलने हेडफोन काढले होते आणि तो तिच्या स्क्रीनकडे बघत होता. कुणी वाकून बघितलेलं तिला आवडत नसे, पण आज तिने काही म्हटलं नाही.

"अगं, रिकामं आहे म्हणून गळतंय," सलिल म्हणाला. "क्वेरीमध्ये सांग ना, सासर रिकामं असेल तर जन्मगाव घे. एका ओळीचं काम. दोन्हीकडे सेम उत्तर येईल, टेस्ट पास, चहाला चल."

"आणि कुणी भरायला विसरलं असेल तर? लग्न झालंय, सासर आहे, नुसतं लिहायचं राहिलंय. ती माहेरकडून खेळेल."

"किती असतील तशा."

"एक असली तरी नियम मोडला."

"मग काय करणार तू?"

कृतिका स्क्रीनकडे वळली. तिला आपलंच बोलणं ऐकू आलं होतं. एक असली तरी. ती नव्या पोरांना सांगायची, कोडला पटवून डेटाची चूक झाकायची नाही. तिने मात्र ती झाकली होती, आणि तीही कुणाची, तर स्वतःची. रविवारच्या त्या ओळीत तिने काय केलं होतं, तर लग्न झालंय का हा प्रश्नच काढून टाकला होता. विचारलाच नाही की उत्तर द्यायला नको. आणि ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं, हातावर माती घेऊन मजेत टाइप करत बसली होती. तिने पायथनची ओळ खोडली आणि कमिटीचा नियम जसाच्या तसा लिहिला, दुसऱ्या ओळीसारखाच. मग स्वतःचं पान उघडलं. कृतिका, गोलंदाज, उजवा हात. गावाच्या पुढे आता काहीच नव्हतं. दोन्हीकडे एकच उत्तर. ती त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली आणि तिला वाटलं होतं तसं काही भयंकर झालं नाही. उलट डोकं एकदम साफ झालं. कोड बरोबर होतं. चुकली होती ती माहिती, आणि ती इथे बसून भरण्यासारखी नव्हती. तिने बॅग उचलली, सलिलला म्हणाली, मी निघते, आणि खोलीवर जाऊन बूट घेतले. ड्रॉवर उघडला, चार्जर घेतला, मंगळसूत्र तसंच राहू दिलं.

ठाकुर्ली स्टेशनहून रिक्षाने गावात शिरेपर्यंत उन्हं कलली होती. रिक्षावाला ओळखीचा निघाला, म्हणाला, ताय, आज रविवार नाय तरी आली, आणि ती म्हणाली, काम आहे. उघड्या गळ्याला वारा लागत होता. एवढंसं सोनं, पण ते नसल्याने मान सरळ राहते की वाकते हे तिला ठरवता येईना. जिथे मिठागर होतं तिथल्या टॉवरची सावली रस्त्यावर पडलेली होती. रस्ताभर ती मनात वाक्य जुळवत होती. मी आणि साईनाथ आता. आमचं दोघांचं असं ठरलं की. एकही वाक्य धड होईना, आणि हिला सगळ्या ऑफिससमोर उभं राहून बोलायची सवय. मग तिने जुळवणं सोडून दिलं.

गावदेवीच्या देवळापुढे खुर्च्या मांडल्या होत्या. कमिटीचे लोक, संघातल्या बाया, शेजारच्या गावांतली मंडळी, आणि मधे पंढरीकाका, कमिटीचा अध्यक्ष, धाकूबरोबर मिठागरावर काम केलेला माणूस, चष्मा कपाळावर चढवून. बायांच्या घोळक्यात तुळसा, तिची आई, बसली होती. लेकीला बघून तिने नुसतं सरकून जागा केली. तिची नजर एकदा पोरीच्या गळ्याकडे गेली आणि परत फिरली. हर्षितने नावं वाचायला सुरुवात केली, आणि कृतिका बसली नाही. उभीच राहिली.

"काका, माझं नाव यात नाही," ती म्हणाली.

पंढरीकाकाने चष्मा खाली घेतला. "तू आंबेपाड्याची ना बाय. त्यांच्यात आसंल."

"त्यांच्यातही नाही. साईनाथचा आणि माझा घटस्फोट झालाय. मागच्या वर्षी. ऑफिस जवळ पडतं म्हणून मी ठाण्याला राहत नाही. मी तिकडून निघून आले. मला खारशेतकडून खेळायचंय."

बोलून झालं. किती लहान होतं ते. खुर्च्यांमध्ये कुणीतरी खोकलं. शेजारच्या गावचे दोन जण एकमेकांकडे बघून खाली बघायला लागले, आणि कृतिकाच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या, पण पाय जमिनीवर होते, रनअपच्या सुरुवातीला असतात तसे. पंढरीकाकाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाला, "नियम सगल्यांना सारका. लग्न झालेली सासरकडशी. झाला नसंल तर माहेरकडशी. हर्षित, लग्न झाला नाय असा लिव मंग. म्हंजे बसती ती नियमान."

हर्षितने मोबाइल वर केला. तो लिहिणार इतक्यात तुळसा बोलली. चार माणसांत ती सहसा तोंड उघडत नसे.

"झाला नाय असा नको लिवू," तुळसा म्हणाली. "झालेला. वर्सानुवर्सा रांधलाय पोरीन त्या घरान, त्यांची पोर वाडवली. झाला आनी मोडला. तसाच लिव."

"तसा लिवायला जागा नाय आई," हर्षित म्हणाला. "हो नायतर नाय, दोनच हायेत."

"मंग हिना सांग, हिचा हाय ना त्यो सगला. कर म्हनावं जागा." आणि लेकीकडे न बघता, पदर नीट करत तिने पुढचं सांगितलं, आवाज जरा खाली आणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. "मना ठावं होता बाय. कवाधरना ठावं होता. तू सांगशील कवा, त्याची वाट बघत व्हते."

कृतिकाला रडू आलं. तिने ते येऊ दिलं, लपवलं नाही. पंढरीकाका उठला, आंबेपाड्याच्या आणि इतर गावांच्या माणसांना बाजूला घेऊन थोडं बोलला. कुणी हात हलवले, कुणी मान हलवली, एक जण म्हणाला आमच्याकडे पण अशी एक आहे, भावाकडे असते, तिचं नाव कुठेच घेतलं नाही आम्ही. परत येऊन काका म्हणाला, लग्न मोडलेली असंल ती माहेरकडशी, लिवून घ्या. कृतिकाने खुर्चीवर लॅपटॉप ठेवून तिथेच, डास मारत, लग्नाच्या त्या कॉलमला तिसरं उत्तर घेण्याची सोय केली आणि नियम दोन्ही ठिकाणी, दोन्ही भाषांत, सारखा लिहिला. हर्षितने तिची नोंद भरली. मग त्याने पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं, आणि खारशेतच्या बायांनी तिच्या नावाला टाळ्या वाजवल्या त्या नेहमीपेक्षा काही जास्त नव्हत्या, आणि तिला ते बरं वाटलं. शेवटी सामने सांगितले. पहिला सामना, यजमान म्हणून, खारशेतचा होता. समोर आंबेपाडा.

देवळाच्या अंगणाच्या कडेला जाऊन तिने ऐश्वर्याला फोन केला. तिकडे बातमी आधीच पोचलेली होती, गावंच ती.

"ऐकलं मी," ऐश्वर्या म्हणाली. ती रडलेली होती की रागावलेली, आवाजावरून कळेना. "सगळ्यांसमोर सांगितलंस."

"हो. तुला आधी सांगायला हवं होतं. जमलं नाही."

"आई आत जाऊन झोपलीये. दादा काही बोलला नाही." तिकडे कुठलंतरी दार लावल्याचा आवाज आला. "म्हणजे आता तू माझी वहिनी नाहीस."

"नाही."

हे उत्तर तिला दुपारपासून माहीत होतं, वर्षभर माहीत होतं, पण असं कुणाला तरी ते तिने आज पहिल्यांदाच दिलं. पलीकडे ऐश्वर्याने नाक ओढलं. "मग मी काय म्हणू तुला?"

कृतिकाने विचार केला. "तूच ठरव," ती म्हणाली. "तुला जे येईल ते."

फोन कट झाला असं वाटून कृतिकाने तो कानापासून दूर धरून बघितला, आणि तेवढ्यात आवाज आला, ओळखीचा, अंगणातला, धोपटणं हातात घेऊन उभ्या असलेल्या पोरीचा.

"ताई," ऐश्वर्या म्हणाली, "पहिलाच चेंडू पायात टाकू नकोस हां मला. सगळं गाव बघायला येणारे."

"पायातच टाकणार," कृतिका म्हणाली.